हात न पोहोचणाऱ्या बेअरिंगांना वंगण कसे द्यावे?

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव फार प्राचीन आहे. तेरणा नदीच्या काठी वसलेल्या या गावाचे जुने नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासग्रंथात तगराचा उल्लेख आढळतो. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे नगर असून, येथील साधे कापड व मलमल गाड्यांत भरून बिकट वाटांनी भडोचच्या बंदरापर्यंत नेत असत, असे त्यात लिहिले आहे. पुढे तेराव्या शतकात याच गावी संत गोरोबाकाका होऊन गेले. त्यांचे घर व समाधी पाहण्यासाठी आजही वारकरी तेरला येतात.

गाडीवान आणि कुंभार या दोघांच्याही कामाचा आधार म्हणजे चाक. चाक म्हटले की घर्षण आले आणि घर्षण आले की वंगणाची गरज आली. कुंभाराचे चाक जमिनीत रोवलेल्या खुंटीवर फिरते. खुंटीचे टोक चाकाच्या तळातील खोबणीत बसते, त्यामुळे झीज होते ती नेमकी डोळ्यांआड, चाकाच्या पोटाखाली. वरून कितीही तेल ओतले तरी ते तेथे पोहोचत नाही. तेल द्यावयाचे तर चाक थांबवून उचलावे लागते. बैलगाडीच्या आसाचेही तसेच आहे. आसाच्या टोकाची खीळ काढून, चाक थोडे बाहेर ओढून मगच आसाला वंगण फासता येते. म्हणून जुना गाडीवान वंगणाचे नळकांडे गाडीलाच टांगून ठेवीत असे. वंगणाअभावी आस कुरकुरू लागला, की पुढच्या मुक्कामाची वाट न पाहता तो गाडी थांबवीत असे.

आज शेतावर मळणी यंत्र, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, कडबाकुट्टी व कापणी यंत्र आले आहे. खुंटी आणि आस यांच्या जागी पोलादी गोळ्यांची बेअरिंगे आली. तथापि जुनी अडचण तशीच राहिली आहे. जे बेअरिंग समोर दिसते त्याला वंगण मिळते. जे आत, खाली अथवा पुलीच्या मागे दडलेले असते ते उपाशी राहते आणि तेच प्रथम निकामी होते. अशा बेअरिंगांना वंगण पोहोचवण्याची रीत या पाठात दिली आहे.

बेअरिंग का बिघडते?

बेअरिंगमध्ये दोन कड्यांच्या मधोमध पोलादी गोळ्या फिरत असतात. गोळी व कडे यांच्यामध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असेल, तोपर्यंत धातूला धातू घासत नाही. हा थर तुटला की घर्षण वाढते, उष्णता वाढते, उष्णतेने उरलेले वंगण पातळ होऊन गळते आणि नाश अधिक वेगाने होतो.

दुसरे कारण धुळीचे. सोयाबीनची मळणी चालू असताना शेंगांचा भुसा, वाळलेल्या पानांचा चुरा आणि मुळांबरोबर आलेली माती यांचा लोट यंत्राभोवती उडत असतो. मातीतील वाळूचे कण टणक असतात. ते वंगणात मिसळले की त्या मिश्रणाला सहाणेचा गुण येतो आणि ज्या वंगणाने रक्षण करावयाचे तेच धातू झिजवू लागते. यास्तव वंगण देणे आणि धूळ बाहेर ठेवणे ही दोन वेगळी कामे मानू नयेत.

तिसरे कारण पाण्याचे. दिवसभर तापलेले यंत्र सायंकाळी थंड होते, तेव्हा बेअरिंगच्या आतील हवा आकसते आणि बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. पावसात भिजलेल्या अथवा पाण्याने धुतलेल्या यंत्रात हा धोका अधिक असतो. आत गेलेल्या ओलाव्याने गोळ्यांवर गंजाचे ठिपके पडतात आणि पुढील हंगामात तेथूनच पापुद्रे सुटू लागतात.

या नुकसानीची किंमत केवळ नव्या बेअरिंगच्या किमतीएवढी नसते. तेरच्या परिसरात सोयाबीनची काढणी व मळणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येते, आणि परतीचा पाऊसही त्याच सुमारास येतो. गंजी रचलेली आहे, आभाळ भरून आले आहे, मजूर जमले आहेत आणि यंत्राचा आस अडकून बसला आहे, अशा वेळी एक दिवस गेला तर भिजलेल्या शेंगांत दाणा डागाळतो व त्याचा भाव उतरतो. शिवाय तापून लाल झालेल्या बेअरिंगजवळ वाळका भुसा साचलेला असेल, तर आग लागून यंत्र व गंजी दोन्ही भस्मसात होऊ शकतात.

दडलेल्या जागा कोणत्या?

हंगामापूर्वी प्रत्येक यंत्रधारकाने आपल्या यंत्राभोवती एकदा शांतपणे फिरून पाहावे. जेथे जेथे एखादा भाग फिरतो अथवा सरकतो, तेथे आधार असलाच पाहिजे, हे सूत्र ध्यानात ठेवले तर एकही बेअरिंग नजरेतून सुटत नाही. साधारणतः पुढील जागा दुर्लक्षित राहतात:

१. मळणी यंत्रातील पंख्याच्या आसाचे, पुलीच्या मागे असलेले बेअरिंग.

२. चाळणीला मागेपुढे झोका देणारा आस व त्याचे दोन्ही बाजूंचे आधार.

३. धान्य वर उचलणाऱ्या पेचदार दांड्याचे तळाकडील बेअरिंग.

४. रोटाव्हेटरच्या पात्यांच्या आसाचे मातीलगतचे टोक. येथे गवत, दोरी व प्लास्टिक गुंडाळले जाऊन बेअरिंगचे आच्छादन फाटते.

५. पेरणी यंत्राच्या बियाणेपेटीखालील आसाचे बुश.

६. कडबाकुट्टीच्या जड चाकामागील बुश.

सापडलेल्या प्रत्येक जागेवर रंगाचा ठिपका द्यावा. ज्या बेअरिंगला ग्रीसचे निप्पल आहे तेथे लाल, ज्या बुशाला तेलाचे भोक आहे तेथे पिवळा, आणि जे बेअरिंग कारखान्यातच कायमचे बंद करून आलेले आहे तेथे पांढरा ठिपका द्यावा. पांढऱ्या ठिपक्याच्या बेअरिंगला वंगण द्यावयाचे नसते. त्यास भोक पाडून ग्रीस भरण्याचा खटाटोप केल्यास धुळीला वाट मिळते. असे बेअरिंग खराब झाले की बदलावे.

हात आत नेऊ नये, वाट बाहेर आणावी

जागा अडचणीची असली की मनुष्य दोन चुका करतो. एक तर ती जागा सोडून देतो, नाही तर यंत्र चालू असतानाच झडपेतून हात घालून तेल सोडतो. पहिल्या चुकीत बेअरिंग जाते, दुसरीत हात जातो. शक्तिचलित मळणी यंत्रांमुळे होणाऱ्या अपघातांची दखल घेऊन भारत सरकारने १९८३ साली धोकादायक यंत्रे नियमन कायदा केला, यावरून या धोक्याचे गांभीर्य कळून येईल.

म्हणून पहिला नियम असा, की वंगण द्यावयाचे ते यंत्र पूर्णपणे थांबवूनच. ट्रॅक्टरचे इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी व ती वंगण देणाऱ्याने आपल्या खिशात ठेवावी. विजेच्या मोटारीवर चालणारे यंत्र असेल तर मुख्य बटण बंद करून फ्यूज काढावा. जड चाक व ड्रम इंजिन बंद झाल्यावरही काही काळ फिरत राहतात. ते थांबल्याची डोळ्यांनी खात्री करावी. धोतराचा सोगा, उपरणे, साडीचा पदर व सैल बाह्या आवरून घ्याव्यात. काढलेली संरक्षक जाळी वंगण देऊन होताच पुन्हा बसवावी.

दुसरा नियम असा, की हात बेअरिंगपर्यंत नेण्याऐवजी बेअरिंगची वाट हातापर्यंत आणावी. बारीक नळी लावून निप्पल यंत्राच्या बाहेरील पत्र्यावर आणले, तर जाळी न काढता आणि अंग न वाकवता वंगण देता येते. जे काम सोपे होते ते नियमाने होते. अवघड राहिलेले काम पहिल्या आठवड्यात होते व पुढे हळूहळू विसरले जाते.

वंगणाची निवड

ग्रीस म्हणजे साबणासारख्या द्रव्यात धरून ठेवलेले तेल होय. गोळ्यांना वंगण मिळते ते या तेलाचे. साबण केवळ तेल साठवून ठेवतो, जसा स्पंज पाणी साठवतो. शेतीच्या बहुतेक यंत्रांना लिथियम साबणाचे दोन क्रमांकाचे ग्रीस चालते. ते उष्णता चांगली सहन करते व पाण्याने सहजी धुऊन जात नाही. चुन्याच्या साबणाचे जुन्या पद्धतीचे ग्रीस पाण्याला टिकते, पण अधिक तापले की वितळून वाहून जाते; वेगाने फिरणाऱ्या ड्रमच्या अथवा पंख्याच्या बेअरिंगला ते देऊ नये.

दोन निरनिराळ्या जातींचे ग्रीस एकत्र करू नये. काही साबण एकमेकांशी मिसळले की मिश्रण पातळ होऊन गळून जाते. यंत्रासाठी एकदा ठरवलेले ग्रीस पुढेही तेच ठेवावे. डब्याचे झाकण सदैव लावलेले असावे. उघड्या डब्यात पडलेली चिमूटभर माती पिचकारीच्या दाबाने थेट बेअरिंगच्या पोटात जाते.

साध्या बुशांना यंत्राचे तेल पुरते. खाद्यतेल मात्र वापरू नये. ते हवेने घट्ट व चिकट होते आणि त्यावर भुशाचे पुट चढते. वापरून काळे झालेले इंजिनातील तेलही वर्ज्य समजावे, कारण त्यात धातूचा कीस व काजळी असते.

किती द्यावे?

वंगण कमी पडले तर बेअरिंग झिजते, हे सर्वांस ठाऊक असते. अधिक झाले तरीही ते तापते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. वेगाने फिरणाऱ्या बेअरिंगच्या घरात ग्रीस ठासून भरले तर गोळ्यांना ते घुसळत बसावे लागते. ताक घुसळताना रवीला जसा जोर लागतो तसा जोर येथे लागतो व त्याची उष्णता होते. यास्तव अशा बेअरिंगच्या घरातील मोकळ्या जागेचा तिसरा हिस्सा ते अर्धा भाग एवढेच ग्रीस असावे. याउलट मातीलगत हळू फिरणाऱ्या आसाच्या जागी, जुने मळके ग्रीस आच्छादनाच्या कडेने बाहेर येऊन स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत ते भरावे. कडेला राहिलेले ग्रीसचे कडे धुळीला आत येऊ देत नाही.

पुनःपुन्हा द्यावयाच्या मात्रेसाठी एक सोपे गणित आहे. बेअरिंगचा बाहेरील व्यास आणि त्याची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजावी, दोहोंचा गुणाकार करावा व त्यास ०.००५ ने गुणावे. येणारे उत्तर म्हणजे ग्रीसचे ग्रॅम. ६२०६ क्रमांकाचे बेअरिंग उदाहरणादाखल घेऊ. त्याचा बाहेरील व्यास ६२ मिलिमीटर व रुंदी १६ मिलिमीटर असते. ६२ × १६ × ०.००५ = ४.९६, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम.

आता हे ५ ग्रॅम मोजावे कसे? ग्रीसची पिचकारी दहा वेळा दाबून निघालेले ग्रीस कागदावर घ्यावे व ते लहान तराजूवर तोलावे. समजा ते १२ ग्रॅम भरले, तर एका दाबाचे १.२ ग्रॅम झाले. म्हणजे ५ ग्रॅमसाठी चार दाब पुरेत. प्रत्येक पिचकारीचे माप वेगळे असते. म्हणून हे तोलण्याचे काम प्रत्येकाने आपल्या पिचकारीपुरते एकदा करावे आणि आलेला आकडा पिचकारीवरच रंगाने लिहून ठेवावा.

नळी जोडण्याची रीत

पुलीमागील अथवा तळाकडील बेअरिंगचे निप्पल काढून त्या आट्यांत नळीची जोडणी बसवावी. नळी दाब सहन करणारी नायलॉनची अथवा तांब्याची असावी. तिचे दुसरे टोक यंत्राच्या बाहेर, कमरेच्या उंचीवर, एका जाड पट्टीला घट्ट करावे व तेथे निप्पल लावावे. नळी पट्ट्यापासून, पुलीपासून व तापणाऱ्या भागापासून दूर न्यावी आणि जागोजागी चिमट्यांनी बांधावी. जो भाग हलतो त्याला कडक तांब्याची नळी जोडू नये, ती लवकर तडकते. चाळणीच्या आधारांसाठी लवचीक नळी घेऊन तिला थोडी ढील ठेवावी.

या कामी दोन चुका वारंवार होतात. त्या नीट समजून घेतल्या पाहिजेत.

पहिली चूक रिकाम्या नळीची. चार मिलिमीटर आतील व्यासाची व एक मीटर लांबीची नळी सुमारे साडेबारा घन सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ ११ ग्रॅम ग्रीस आपल्याच पोटात ठेवते. बेअरिंगची मात्रा तर अवघी ५ ग्रॅम. नवी नळी लावून दर आठवड्याला ५ ग्रॅम देणाऱ्या शेतकऱ्याची समजूत अशी होते, की आपण बेअरिंगला वेळेवर वंगण दिले. प्रत्यक्षात पहिल्या दोन आठवड्यांचे सारे ग्रीस नळीतच राहते आणि बेअरिंगला तिसऱ्या आठवड्यापर्यंत कणही मिळत नाही. ऐन हंगामात एवढा उपवास बेअरिंग संपवण्यास पुरेसा आहे. म्हणून नळीचे बेअरिंगकडील टोक मोकळे ठेवून पिचकारी दाबीत राहावे, टोकातून हवेचे बुडबुडे न येता सलग ग्रीस येऊ लागले की मगच ते टोक बेअरिंगला जोडावे आणि त्यानंतर मात्रा मोजून द्यावी.

दुसरी चूक एका नळीला फाटे फोडून दोन-तीन बेअरिंगांना जोडण्याची. पाटाच्या पाण्याप्रमाणे ग्रीसही सखल वाट धरते. ज्या फाट्यात अडथळा कमी, तिकडे सारे ग्रीस जाते आणि ज्या बेअरिंगमध्ये जुने ग्रीस घट्ट झालेले आहे, म्हणजेच ज्याला खरी गरज आहे, तेच कोरडे राहते. यास्तव प्रत्येक बेअरिंगला स्वतंत्र नळी व स्वतंत्र निप्पल असावे. बाहेरील पट्टीवर निप्पले ओळीने लावून त्यांच्यापुढे १, २, ३ असे आकडे घालावेत.

पिचकारी लावण्यापूर्वी निप्पल फडक्याने पुसावे. काम झाल्यावर त्यावर रबरी टोपी बसवावी. दाबताना एकाएकी जोर लागू लागला तर थांबावे. नळी चेपली असेल किंवा निप्पल तुंबले असेल. पिचकारीचा दाब फार मोठा असतो. अधिक जोर केल्यास बेअरिंगचे आच्छादन फाटते अथवा नळी सुटते. सुटलेल्या धारेपुढे बोट धरू नये. दाबाखालील ग्रीस कातडीतून आत शिरल्यास जखम टाचणीच्या टोचणीएवढी दिसते, पण आतील इजा गंभीर असते. अशा वेळी दुखण्याची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.

वातीने तेल देणे

जेथे निप्पल नाही, केवळ साधा बुश आहे, तेथे समईची वात उपयोगी पडते. समईत तेल खाली असते, तरी ते वातीतून चढत ज्योतीपर्यंत जाते. हाच गुण यंत्रासाठी वापरता येतो. बुशाच्या वरच्या अंगास झाकणाची लहान डबी बसवावी, डबीतील तेलात लोकरीच्या अथवा सुती धाग्याची वात सोडावी व वातीचे दुसरे टोक नळीतून बुशाच्या भोकापर्यंत न्यावे. तेल थेंबाथेंबाने आणि गाळून पोहोचते. रेल्वेच्या जुन्या डब्यांतही आसाच्या पेटीत तेलात भिजवलेला धाग्यांचा बोळा ठेवीत आणि तो आसाला खालून तेल पाजीत असे.

या रीतीत दोन गोष्टी सांभाळाव्यात. काम संपल्यावर वात वर उचलून ठेवावी, नाही तर रात्रभर तेल गळून जाते. तसेच हंगामात वात मळून तुंबली असे दिसताच ती बदलावी. पेरणी यंत्राच्या लाकडी बुशांसाठी याहून सोपा उपाय असा, की नवा बुश कोमट तेलात चांगला मुरवून मग बसवावा.

सरकणारी बेअरिंगे

आतापर्यंत फिरणाऱ्या आसाचा विचार झाला. काही यंत्रांत भाग फिरत नाही, सरळ रेषेत मागेपुढे सरकतो. कापणी यंत्राची पात्यांची पट्टी अशीच सरकते. तिच्या खालील घासपट्ट्या जमिनीलगत असल्याने सहसा कोणी पाहत नाही. येथे घट्ट ग्रीस देऊ नये, कारण त्यावर माती व काडीकचरा बसतो. पट्टी झटकून, पुसून, पातळ तेलाचा हात फिरवावा आणि हे काम दिवसातून एकाहून अधिक वेळा करावे.

आता काही कार्यशाळांतून संगणकाच्या आज्ञेने लाकूड, प्लायवूड व प्लास्टिक कोरणारी लहान यंत्रेही दिसू लागली आहेत. काही हौशी तरुण ती घरीच जुळवतात. पेरणी यंत्राच्या बियाणे सोडणाऱ्या चकत्यांचे नमुने अशा यंत्रावर नेमके कोरता येतात. या यंत्राचे कापणारे डोके पोलादी रुळांवरून सरकते व रुळावर बसलेल्या सरकत्या ठोकळ्यांत बारीक गोळ्यांची माळ फिरत असते. या ठोकळ्यांची निप्पले पुष्कळदा मेजाच्या खाली अथवा आतल्या बाजूस तोंड करून असतात, म्हणून मळणी यंत्राच्या चाळणीसारखीच त्यांची आबाळ होते.

त्यांसाठी उपाय तेच, केवळ माप लहान. यंत्र बंद करून व विजेची जोडणी काढून डोके हाताने रुळाच्या टोकाकडे सरकवावे. तेथे निप्पल समोर येत नसेल तर बाजूच्या पट्टीत निप्पलच्या नेमके समोर एक भोक पाडावे व बारीक चोचीच्या पिचकारीने त्यातून ग्रीस द्यावे. भोक पाडताना धातूचा कीस रुळावर पडू नये म्हणून रूळ झाकून घ्यावा. भोक पाडणे शक्य नसल्यास बारीक नळी बाहेर आणावी व ती आधी ग्रीसने भरून घ्यावी. गोल दांड्यावरील ज्या बेअरिंगला निप्पलच नसते, त्याच्या दांड्यावर ग्रीसचा पातळ थर देऊन डोके पुढेमागे न्यावे. वर्षातून एकदा बेअरिंग उतरवून, स्वच्छ करून, हाताने ग्रीस भरावे.

सरकत्या बेअरिंगची एक विशेष गोष्ट आहे. फिरणारे बेअरिंग एका फेऱ्यात स्वतःला वंगण वाटून घेते. सरकता ठोकळा मात्र पुरेसा लांब सरकला तरच त्यातील गोळ्यांची माळ पूर्ण फिरते. लहानसहान काम करताना डोके बोटभर अंतरातच पुढेमागे होत राहिले, तर त्याच गोळ्या घासत राहतात व उरलेल्यांचे ग्रीस पडून राहते. म्हणून ठरलेल्या मात्रेचा अर्धा भाग द्यावा, डोके रुळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अनेकदा न्यावे, मग उरलेला अर्धा भाग द्यावा व पुन्हा तसेच करावे. लाकडाचा भुसा रुळावरील तेल शोषून घेतो. यास्तव काम संपताच रूळ कोरड्या फडक्याने पुसून त्यावर तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. हवेच्या झोताने भुसा उडवू नये, कारण तो ठोकळ्याच्या आच्छादनाखाली शिरतो.

वेळापत्रक व नोंद

यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत दिलेली मुदत हीच प्रमाण मानावी. पुस्तिका हरवली असेल तर पुढील क्रम धरावा:

रोज काम सुरू करण्यापूर्वी भुसा झाडावा, तेलाच्या भोकांत तेल सोडावे, नळ्या व टोप्या जागेवर आहेत हे पाहावे.

रोज काम संपताच, यंत्र पूर्ण थांबल्यावर, प्रत्येक बेअरिंगच्या घराला हाताची मागील बाजू जवळ नेऊन, मग हलकेच टेकवून पाहावी. साधारण ६० अंशांच्या पुढे उष्णता गेली की हात काही क्षणांपेक्षा अधिक टेकवता येत नाही. जे बेअरिंग आपल्या जोडीदारापेक्षा अधिक तापलेले असेल, त्यावर त्याच दिवशी लक्ष द्यावे.

हंगामात ठरलेल्या तासांनी ग्रीसची मात्रा मोजून द्यावी. यंत्र भिजले अथवा धुतले असेल, तर मुदत भरण्याची वाट न पाहता द्यावी.

हंगाम संपताच, यंत्र ठेवून देण्यापूर्वी सर्व जागी नवे ग्रीस द्यावे. पुष्कळ शेतकरी हे काम पुढील हंगामाच्या आरंभी करतात. मात्र मधल्या महिन्यांतच ओलाव्याने गंज चढतो, म्हणून ते आधी करणे हिताचे.

या सर्वांची नोंद एका लहान वहीत ठेवावी. तारीख, यंत्र किती तास चालले, कोणत्या क्रमांकाच्या निप्पलला किती दाब दिले, एवढेच लिहावे. मळणी यंत्र भाड्याने अनेकांच्या शेतावर जाते व चालवणारा मनुष्यही बदलतो. अशा वेळी प्रत्येकास वाटते, की वंगण कालच्या माणसाने दिले असेल. वही असली की हा भ्रम उरत नाही.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

गावात हा विषय केवळ सांगून पटत नाही. तो दाखवावा. आठ-दहा शेतकऱ्यांना एका मळणी यंत्राभोवती जमवावे. प्रथम पट्टा उतरवून पंख्याचा आस हाताने फिरवावयास सांगावे. तो खरखरत फिरतो की गुळगुळीत, हे प्रत्येकाच्या हाताला कळू द्यावे. नंतर एक जुने निकामी बेअरिंग फोडून त्यातील काळवंडलेले ग्रीस बोटांवर चोळून दाखवावे. मातीची खर बोटांना लागताच निराळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

त्यानंतर एक मीटर लांबीची पारदर्शक नळी घेऊन तीत पिचकारीने ग्रीस भरावे व प्रत्येक दाब मोठ्याने मोजावयास लावावे. दुसऱ्या टोकातून ग्रीस बाहेर येण्यास किती दाब लागले ते पाहून, रिकाम्या नळीची चूक कोणीही पुन्हा करणार नाही. शेवटी प्रत्येकाने आपल्या पिचकारीच्या दहा दाबांचे वजन करून आकडा लिहून न्यावा.

उजळणीसाठी प्रश्न

१. वेगाने फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये ग्रीस ठासून का भरू नये?

२. बाहेरील व्यास ५२ मिलिमीटर व रुंदी १५ मिलिमीटर असलेल्या बेअरिंगला एका वेळी किती ग्रॅम ग्रीस द्यावे?

३. एका नळीला फाटे फोडून दोन बेअरिंगांना ग्रीस दिल्यास कोणते बेअरिंग उपाशी राहील, व का?

४. सरकत्या बेअरिंगला ग्रीस दिल्यावर ते पूर्ण लांबीभर का सरकवावे?

तेरच्या कुंभाराला चाकाच्या पोटाखालची खुंटी दिसत नव्हती, पण ती तेथे आहे हे तो कधी विसरला नाही. चाक उचलून तो तिला तेल देत राहिला. आजच्या यंत्रधारकाला चाक उचलण्याचे कष्ट उरलेले नाहीत. एकदा नळी बाहेर आणली, मात्रा मोजली आणि वही घातली, की दडलेल्या बेअरिंगचीही समोरच्या बेअरिंगइतकीच निगा राहते. पहिला पाऊस येण्यापूर्वी हे एक दिवसाचे काम उरकून घ्यावे, म्हणजे परतीच्या पावसाच्या तोंडावर यंत्र दगा देणार नाही.